स्थळ चांगलं आहे पण मुलाच्या आईला डिप्रेशन होतं, हे रक्तातून येतं का? (आणि या डीएनए रिपोर्टचं काय करू)

संत्रागोळी
सोमवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी, मी इथे एरवी वाचनमात्र असते पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी नागपूरचीच, मानेवाड्याला राहते, वय २९, घरी स्थळं बघणं जोरात चालू आहे. एक स्थळ आलंय, मुलगा धरमपेठेतला, आयटीत आहे, घरूनच काम, बोलायला साधा, मला खरंच आवडलाय. मागे फुटाळ्यावर भेटलो तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं की तो शाळेत असताना त्याच्या आईला मेजर डिप्रेशन झालं होतं, मध्ये एकदा ॲडमिटपण केलं होतं, मग गोळ्या सुरू झाल्या, त्या परत नोकरीवर गेल्या आणि शाळेतून रीतसर रिटायर झाल्या. आता छान आहेत. मामालाही होतं म्हणे, पण त्याने कधी दाखवलं नाही.

मी घरी सांगितलं आणि चुकलंच जणू. आईची रडारड, बाबा गप्प, आणि काका (आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचा) म्हणाले हे रक्तात असतं, सिकलसेलसारखं, आधी टेस्ट करायला सांगा मग पुढचं बोलू. आता गंमत अशी की त्या मुलाने खरंच टेस्ट केलेली आहे, ते थुंकी पाठवायचं किट असतं ना ऑनलाइन, त्यातलं. त्याने पीडीएफपण पाठवली मला. त्यात एक मीटर काढलाय गाडीच्या स्पीडोमीटरसारखा, काटा लाल भागात, खाली लिहिलंय "सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर: शॉर्ट/शॉर्ट, ताणामुळे नैराश्याचा धोका वाढलेला", आणि त्याच्या खाली ओमेगा-३ च्या गोळ्यांवर डिस्काउंट कूपन.

हे काकांना दाखवू का? दाखवलं तर स्थळ गेलं. नाही दाखवलं तर मी लपवलं असं होईल. आणि मुळात हे खरं कितपत आहे तेच मला कळत नाहीये.

तर्रीवाला
सोमवार, रात्री ११.५८

ताई, आधी तर त्या पोट्ट्याले सलाम, भेटल्या भेटल्या एवढं सांगतं कोण? आमच्या इकडं लोकं पगार बरोबर सांगत नाही. आणि काका काऊन एवढे तापून राहिले, मंगळ निघाला असता तरी एवढेच तापले असते का? आमच्या शाळेत एखादं पोट्टं जरा गप्प बसलं की "याले पागलखाना चौकात सोडा बे" असं म्हणत होते. छिंदवाडा रोडवर ते मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून उभं हाय, चौकाले नाव पडलं ते पडलंच. तेच डोकं घेऊन लोकं पन्नाशीले आले, अजून काय.

टेस्ट बिस्टचं मले कळत नाही. जानकार येतील.

कट्टरसंशयी
मंगळवार, सकाळी ७.१५

जीन बीन काही नाही हो. आईला होतं, मामाला होतं, म्हणजे त्या घरात कायतरी वातावरण होतं, मुलं बघून शिकतात, एवढा साधा मुद्दा आहे. डिप्रेशनचा जीन सापडला, डिप्रेशनचा जीन सापडला असं मी वीस वर्षं पेपरात वाचतोय आणि दरवेळी दुसराच सापडलेला असतो. किट विकणाऱ्यांना धंदा करायचाय, गोळ्या विकणाऱ्यांनाही. कूपन बघूनच कळलं नाही का?

जनुकवेडा
मंगळवार, दुपारी २.२०

मूळचा नागपूरचा, आता पुण्यात रेणवीय जीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे या विषयावर जरा हात सैल सुटणार, आधीच सांगतो. संशयीभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि तेच अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, पण उरलेल्या अर्ध्यात तुम्ही बाळासकट पाणी फेकताय.

आधी त्या रिपोर्टबद्दल. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन, ते पेशीत परत ओढून घेणारं प्रथिन म्हणजे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर. त्याचा जो जीन आहे, १७ व्या गुणसूत्रावर, त्याच्या सुरुवातीला डीएनएचा एक तुकडा काहींच्यात लांब असतो काहींच्यात आखूड. आईकडून एक प्रत, बापाकडून एक, म्हणून शॉर्ट/शॉर्ट. २००३ साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ८४७ लोकांवरचा एक अभ्यास सायन्स या जर्नलमध्ये आला, ही मंडळी लहानपणापासून तपासली जात होती, त्यात असं दिसलं की आयुष्यात मोठे धक्के बसले (नोकरी जाणं, नातं तुटणं वगैरे) तर आखूड प्रतवाल्यांना डिप्रेशन जास्त होतं आणि लांबवाल्यांना कमी. काय गाजला तो पेपर! आम्हाला शिकवताना तो जवळजवळ आरतीसारखा म्हणायचे. कारण गोष्ट सुरेख होती, जीनही आणि परिस्थितीही, दोन्ही पक्ष खूष.

मग बाकीच्यांनी तेच करून बघितलं तर कुणाला दिसतंय, कुणाला नाही, कुणाला उलटंच. २००९ मध्ये १४ अभ्यास, मिळून १४,२५० लोक, एकत्र मोजले: धक्क्यांचा परिणाम दिसला, आखूड-लांबचा नाही, दोन्हींच्या जोडीचाही नाही. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने तर असे १८ गाजलेले "डिप्रेशनचे जीन" लाखो लोकांच्या माहितीवर घासून पाहिले आणि ते कुठल्याही यादृच्छिक उचललेल्या जीनपेक्षा सरस ठरले नाहीत. शिवाय चिनी-जपानी लोकांत ही आखूड प्रत युरोपियनांपेक्षा कितीतरी जास्त सापडते, मग तिकडे डिप्रेशनचा पूर यायला हवा होता, तसं काही नाही.

अजून एक, ही थुंकीची किटं ज्या चिपवर डीएनए वाचतात ती एकेक अक्षर तपासते. तुकड्याची लांबी त्यात थेट मोजलीच जात नाही, आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधतात. म्हणजे मोडीत निघालेल्या गृहीतकावर अंदाजे काढलेलं उत्तर, वर लाल काटा. ती पीडीएफ काकांना दाखवायची गरज नाही, पण लपवायची म्हणून नाही, त्यात दाखवण्यासारखं काही नाहीच म्हणून.

संत्रागोळी
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

बापरे, थँक्यू दादा. म्हणजे रक्तातून येत नाही असं सांगू का घरी?

जनुकवेडा
मंगळवार, रात्री ९.०५

नाही नाही, थांब. तो एक जीन खोटा पडला, अनुवंश नाही. इथेच सगळे घसरतात.

सिकलसेल आपल्या विदर्भात घरोघरी माहिती आहे म्हणून त्यावरूनच सांगतो, काकांनीच उदाहरण दिलंय. सिकलसेलमध्ये ११ व्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या एका जीनमध्ये एक अक्षर बदलतं, बस. दोघं वाहक (बदललेली एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल आजारी असण्याची, हिशेब चोख, रक्ताची टेस्ट चोख. काका जी टेस्ट म्हणतायत ती या आजारासाठी अस्तित्वात आहे.

डिप्रेशनचा कारभार तसा नाहीच. जुळ्यांवरून काढलेला आकडा आहे साधारण ३७ टक्के, २००० सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातला. एकसारख्या जुळ्यांत डीएनए सगळा सारखा, वेगळ्या जुळ्यांत सरासरी अर्धा, मग एकाला झालं तर दुसऱ्याला किती वेळा होतं यातल्या फरकावरून काढतात. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये हाच आकडा याच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे डिप्रेशनमध्ये अनुवंश आहे, पण इतर मोठ्या मानसिक आजारांच्या मानाने कमी.

मग ते ३७ टक्के डीएनएत बसलंय कुठे? तर हीच आमच्या क्षेत्राची रडकथा. २०१३ मध्ये जगभरच्या गटांनी एकत्र येऊन ९,२४० पेशंट आणि जवळपास तेवढेच निरोगी लोक तपासले, सगळा जीनोम (अख्खा डीएनए) चाळला, हाती भोपळा. लोकं म्हणायला लागली सोडून द्या. २०१५ मध्ये चीनमधून पहिली ठोस बातमी आली, त्यांनी युक्ती केली, फक्त बायका घेतल्या, त्याही वारंवार आणि तीव्र डिप्रेशन येणाऱ्या, ५,३०३ पेशंट आणि ५,३३७ निरोगी, आणि १० व्या गुणसूत्रावर डिप्रेशनशी जोडलेल्या दोन जागा सापडल्या. मग नमुना वाढवत नेला तसं सापडत गेलं: २०१८ मध्ये ४४ जागा, २०१९ मध्ये १०२, आणि जानेवारी २०२५ मध्ये सेल या जर्नलमध्ये आलेल्या कामात २९ देशांतले जवळपास ६ लाख ८८ हजार पेशंट धरून ६९७ बदल. आणि यातला एकेक बदल धोका वाढवतो किती, तर दोन-चार टक्क्यांनी, तेही मूळ धोक्याच्या दोन-चार टक्के. निवडणुकीतल्या एकेका मतासारखं, तुमच्या एका मताने आमदार पडत नाही.

हे बदल तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत, काकांतही शेकड्याने असणार. कोणाच्या वाट्याला थोडे जास्त, कोणाच्या थोडे कमी, एवढाच फरक. यांची बेरीज करून गुण काढता येतो, पण सगळ्यात नवा गुणसुद्धा माणसामाणसांतला जेमतेम पाच-सहा टक्के फरक सांगतो, तोही युरोपियन वंशाच्या लोकांत, कारण नमुन्यातले बहुतेक तिकडचेच. आपल्यावर लावला तर आणखी फुसका.

कट्टरसंशयी
मंगळवार, रात्री ९.४०

म्हणजे पाच-सहा टक्के. मी हेच म्हणत होतो.

जनुकवेडा
मंगळवार, रात्री ९.५२

😀 आज मोजता येतो तेवढा पाच-सहा. उंचीचंही आधी हेच झालं होतं, काहीच सापडेना, मग लाखो लोक घेतल्यावर हजारो जागा निघाल्या. पण निदान टेस्टच्या बाबतीत आपण एकाच बाकावर आहोत.

संत्रागोळी
मंगळवार, रात्री १०.१०

एक बावळट प्रश्न. ३७ टक्के म्हणजे त्या मुलाला डिप्रेशन व्हायचे ३७ टक्के चान्सेस असंच ना? कारण मी बाबांना असं सांगितलं तर ते सरळ नाही म्हणतील.

ओपीडी_नंतर
मंगळवार, रात्री ११.३०

नाही गं, तसं अजिबात सांगू नकोस. मी मानसोपचारात आहे, नागपुरातच, आत्ता जेवून बसले म्हणून लिहिते. ३७ टक्के हा अख्ख्या लोकसंख्येतल्या फरकांचा हिशेब आहे, की काहींना होतं काहींना नाही यातल्या तफावतीचा किती वाटा जीन्सकडे जातो. एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही.

तुला हवा तो हिशेब असा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली होती १२ राज्यांत (आपला महाराष्ट्र त्यात नव्हता, मला याचा अजून राग आहे), त्यात आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झालेले प्रौढ साधारण ५.२ टक्के निघाले. आईवडील किंवा सख्खं भावंड यांच्यापैकी कोणाला असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट, हा आकडा बाहेरच्या देशांतल्या कुटुंबांवरून आलाय. ढोबळ धर, शंभरातल्या पाचाऐवजी दहा ते पंधरा. म्हणजे असा इतिहास असलेल्या शंभर मुलांपैकी पंच्याऐंशी-नव्वद जणांना होतच नाही. आणि तुझी उद्याची मुलं सासूची नातवंडं, म्हणजे आणखी एक पायरी लांब, तिथे वाढीव धोका अजून उतरतो.

त्याच्यापेक्षा मी दुसरं विचारेन. त्यांना फक्त डिप्रेशनच होतं ना? मध्ये कधी खूप उत्साह, झोप न लागता कामं, उधळपट्टी, मोठमोठी बोलणी, असे काळ? लिथियमसारखं औषध चालू आहे का? कारण बायपोलर असेल तर अनुवंशाचा हिशेब वेगळा. पहिल्यांदा किती वयात झालं? लवकर आणि वारंवार होणाऱ्यात घराण्याचा भाग जास्त दिसतो, साठीनंतर पहिल्यांदा आलेल्यात थायरॉइड, मेंदूच्या रक्तवाहिन्या असं बाकीचंही शोधावं लागतं. ही माहिती विचारायला कुठलं किट लागत नाही.

आणि काकांना सांग, सिकलसेलची टेस्ट तुम्ही दोघांनी जरूर करा. सरकारी दवाखान्यात होते, विदर्भातल्या प्रत्येक जोडप्याने लग्नाआधी करावी असं माझं मत आहे. तेवढं त्यांचं ऐका.

बुटीबोरी_अपडाऊन
बुधवार, पहाटे ५.१०

कंपनीची बस यायची आहे, पटकन लिहितो. मला स्वतःला आहे. माझ्या वडिलांनाही होतं पण त्यांच्या काळात कोणी नाव घेतलं नाही, "स्वभावच तसा" म्हणून पडून असायचे. मला डॉक्टरांनी विचारलं घरात कोणाला, मी नाही म्हणालो, आई बाजूला बसून म्हणाली हो. तेव्हा पहिल्यांदा कळलं. राग नाही आला, उलट बरं वाटलं, मला वाटायचं माझ्यात जिद्दच कमी आहे. पण नंतर दुसरं भूत बसलं की माझ्या पोरीलाही देऊन ठेवलं मी हे. अनुवंश शब्दाचं हे असं आहे, एका हाताने सोडवतो दुसऱ्या हाताने बांधतो.

जनुकभाऊ, पोरीसाठी काही करता येतं का हे सांगा. टेस्ट नको, समजलं ते.

महालची_मावशी
बुधवार, सकाळी १०.४५

संत्रागोळी बाळा, मी ६८ वर्षांची आहे, नर्स होते, आता घरी. यांना (आमच्या मिस्टरांना) लग्नानंतर काही वर्षांनी झालं. घरात कोणाला सांगायचं नाही असा सासूबाईंचा हुकूम. गोळ्यांची पाकिटं मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांच्या खाली ठेवायची, आणि औषध महालातल्या दुकानातून नाही आणायचं, इतवारीत जाऊन आणायचं, कारण महालचा केमिस्ट यांच्या मावसभावाचा मित्र. कधी इतवारीत मिळालं नाही तर दोन-दोन दिवस खाडा. त्या खाड्याने जेवढा त्रास झाला तेवढा आजाराने नाही. मुलींच्या लग्नात आम्ही एक शब्द बोललो नाही. आता त्यांचे नवरे विचारतात मामंजी असे का, तर मुली म्हणतात बीपी आहे.

तुझ्या त्या मुलाने सांगितलं म्हणजे त्या घरात गोळी डब्यात उघड ठेवतात. मला तर हेच स्थळ चांगलं वाटतं. आणि एक सांगू का, रागावू नको, तुमच्या घरात विचार बरं. एवढ्या मोठ्या कुटुंबात कोणाला काही झालंच नाही असं होत नसतं. सांगत नाहीत एवढंच.

जनुकवेडा
बुधवार, दुपारी १.३०

@बुटीबोरी_अपडाऊन, मुलीबद्दल विचारलंत म्हणून मला सगळ्यात आवडणारी दोन कामं सांगतो, कारण ही दोन्ही जीन्सबद्दल जेवढी आहेत तेवढीच घराबद्दल आहेत, संशयीभाऊंनीही वाचा.

पहिलं स्वीडनचं, २०२०. तिथे सगळ्या नागरिकांच्या नोंदी आहेत. त्यांनी अशी भावंडं शोधली ज्यांच्या जन्मदात्या आईबापांपैकी एकाला तरी डिप्रेशन होतं, आणि एक भावंड घरीच वाढलं, दुसरं दत्तक गेलं. तिथे दत्तक घेणारी घरं कडक पारखून निवडतात. दत्तक गेलेल्या सख्ख्या भावंडांत डिप्रेशनचा धोका घरी वाढलेल्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी निघाला. आईबाप तेच, घर वेगळं. आणि पुढची गोष्ट अजून बोलकी, दत्तक घरातल्या आईबापालाच डिप्रेशन झालं किंवा ते घर मोडलं तर हा फायदा उडून गेला.

दुसरं अमेरिकेतलं, २००६, जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेलं. डिप्रेशन असलेल्या आयांवर उपचार चालू होते आणि सोबत त्यांच्या ७ ते १७ वयाच्या मुलांकडे लक्ष ठेवलं. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांतल्या मानसिक तक्रारी कमी झाल्या, ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांत वाढल्या. मुलांना कोणी हात लावला नव्हता, औषध आयांना.

तर पोरीसाठी करायचं ते हे की तुम्ही स्वतःची ट्रीटमेंट अर्धवट सोडायची नाही. बस चुकली तरी चालेल.

कट्टरसंशयी
बुधवार, दुपारी २.०५

स्वीडनवाला अभ्यास माझ्याच बाजूने आहे, नोंद घ्यावी. वातावरण!

तर्रीवाला
बुधवार, दुपारी २.१५

संशयीभाऊ तुम्ही ना, पानठेल्यावर पाहिजे होते. इकडं २३ टक्के कमी म्हणजे बाकीचं तसंच उरलं ना बाप्पा, ते कोणत्या वातावरणातून आलं? मले गणित येत नाही तरी एवढं कळते.

ओपीडी_नंतर
बुधवार, रात्री १०.५०

तर्रीभाऊंना पूर्ण मार्क.

एक राहिलं, कारण आज ओपीडीत एक पेशंट असाच रिपोर्ट घेऊन आला म्हणून आठवलं. जीन्सची एक टेस्ट आमच्या कामाची असू शकते, पण ती आजार होणार का हे नाही सांगत, औषध शरीरात कसं मोडतं ते सांगते. लिव्हरमध्ये सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम असतं, एस्सिटॅलोप्राम, सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची औषधं त्यानेच मोडतात. काहींच्यात हे फार मंद असतं, मग नेहमीच्या डोसनेही औषध रक्तात साचतं आणि त्रास होतो. हा मंद प्रकार आपल्या उपखंडात युरोपियनांपेक्षा जास्त आढळतो. घरात कोणाला हार्टसाठी क्लोपिडोग्रेल असेल त्यांना हेच एन्झाइम दुसऱ्या कारणाने भेटतं, ते औषध कामाला लागण्यासाठीच ते लागतं. सगळ्यांनी करावी अशी ही टेस्ट नाही, आम्ही बहुतेक वेळा कमी डोसने सुरू करून बघत बघत वाढवतो, पण कोणाला दोन-तीन औषधं अजिबात सोसली नाहीत तर विचारायला हरकत नाही. तुमच्या डॉक्टरांना, किटवाल्याला नाही.

बुटीबोरीभाऊ, ऑफिसच्या मेडिक्लेमचं तुम्ही मला व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंत त्याचं उत्तर इथेच देते, सगळ्यांना उपयोगी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजारावरच्या उपचारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं. पॉलिसीचे कागद काढून प्रतीक्षा काळ वगैरे बघा, आणि प्रस्तावात आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.

धागा_नियामक
गुरुवार, सकाळी ९.००

चर्चा चांगली चालू आहे, विषयावर राहू द्या. स्वतःची किंवा नातेवाइकांची नावं, दवाखान्यांची नावं टाकू नयेत, दोन प्रतिसाद संपादित केले आहेत. कोणाला आत्ता, तातडीने बोलायची गरज असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

संत्रागोळी
शुक्रवार, रात्री ११.१५

अपडेट. मावशी, तुम्ही ज्योतिषी आहात का?

बाबांना धागा वाचायला दिला. त्यांनी मोबाइलवर चष्मा वर करून करून सगळा वाचला, दत्तकवाला भाग दोनदा. काही बोलले नाहीत. मग आज संध्याकाळी गच्चीवरच्या कूलरमध्ये पाणी भरत होते, मी पाइप धरला होता, तर तिकडेच बघत म्हणाले, तुझ्या आत्याला दुसऱ्या बाळंतपणानंतर असंच झालं होतं. वर्षभर माहेरी होती. बाळाला घ्यायची नाही, जेवायची नाही. आजीने बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून कुठे कुठे नेलं, मग शेवटी मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) नेलं तेव्हा उठली. आणि नेलं कोणी, तर काकांनी, स्कूटरवर बसवून! म्हणजे काकांना सगळं माहिती. आणि तेच म्हणतायत रक्तात असतं.

मला आधी खूप राग आला, मग वाटलं म्हणूनच म्हणत असतील, घाबरलेत ते. मुलाच्या आईबद्दलही विचारलं, चाळिशीच्या थोडं आधी पहिल्यांदा झालं, नंतर एकदा परत, बायपोलरसारखं काही नाही, लिथियम नाही, एकच गोळी. त्याने सगळं न चिडता सांगितलं. मीही त्याला आत्याचं सांगितलं. तो म्हणाला मग आता फिट्टंफाट.

ओपीडीताई, आत्याचं माझ्यासाठी काय?

ओपीडी_नंतर
शनिवार, सकाळी ८.२०

फिट्टंफाट आवडलं 😀 आत्या म्हणजे तुझ्यापासून दोन पायऱ्या, धोका थोडासा वाढतो, घाबरण्यासारखा नाही. पण कामाची माहिती आहे, कारण बाळंतपणाच्या आसपास होणाऱ्या डिप्रेशनमध्ये घराण्याचा वाटा एरवीपेक्षा जास्त दिसलाय. बघ, सगळे सासूकडे बघत बसले आणि तुझ्या बाळंतपणासाठी जास्त उपयोगाची माहिती तुझ्याच घरात निघाली.

कधी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्याचं सांग, फाइलवर लिहायला लाव. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या वर रडू, झोप नाही (बाळ झोपलेलं असतानाही), बाळाबद्दल काहीच वाटत नाही असं झालं तर लगेच दाखवायचं, सव्वा महिना होऊ दे मग बघू असं करायचं नाही. आणि हे नवऱ्याला माहिती पाहिजे, कारण त्या वेळी तुला स्वतःला कळेलच असं नाही. त्याने आईचं बघितलंय, त्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.

महालची_मावशी
शनिवार, सकाळी ९.३०

आणि आत्याला एक फोन कर गं. तिला कोणी विचारलं नसेल इतक्या वर्षांत.

तर्रीवाला
शनिवार, सकाळी ११.०२

हे सगळं ठीक हाय पण काकाचं काय झालं? रविवारी पाव्हणे येऊन राहिले ना?

संत्रागोळी
शनिवार, सकाळी ११.२०

हो, उद्या त्याचे आईबाबा येतायत. काका कालपासून बाबांचा फोन उचलत नाहीयेत, पण काकू म्हणाली त्यांनी कपडे इस्त्रीला टाकलेत.